‘माकडताप’ : एका सामासिक शब्दाची चिकित्सा

१९५७ सालच्या मार्च महिन्यात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरून पडू लागली, आणि त्याच सुमारास भोवतालच्या खेड्यांत तीव्र ज्वराने माणसेही दगावू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) त्याच वर्षी रोगाचा विषाणू वेगळा काढला. शास्त्रज्ञांनी रोगास अरण्याचे नाव दिले, लोकांनी माकडाचे. कानडीत ‘मंगन कायिले’, मराठीत ‘माकडताप’. २०१५ साली गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात रोगाचा उद्रेक झाला, तेव्हा हा शब्द तेथे घरोघरी पोचला.

‘माकडताप’ हा उघडच तत्पुरुष होय. परंतु त्याचा विग्रह करू जाता अडचण येते. माकडाला येणारा ताप, की माकडापासून येणारा? समासात विभक्तीचा लोप होतो, आणि संबंध ऐकणाऱ्याने ताडावयाचा असतो. ‘हिवताप’ या शब्दात तसा धोका नाही. हीव हे लक्षण आहे, कुणी प्राणी नव्हे. ‘माकडताप’ ऐकणारा मात्र बहुधा पंचमीच गृहीत धरतो. घोटाळा आहे तो येथेच.

हा विषाणू फ्लॅविव्हायरस कुलातील. लॅटिन ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. पीतज्वरावरून कुलास हे नाव पडले. डेंग्यूचा विषाणूही त्याच कुलातला. माणसाला क्यासनूरचा विषाणू मिळतो तो मुख्यतः जंगलातील गोचिडीच्या, त्यातही तिच्या अप्रौढ अवस्थेच्या, दंशातून. दंशानंतर ३ ते ८ दिवसांनी एकाएकी ताप चढतो, डोके व स्नायू असह्य दुखतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. शेकडा ३ ते ५ रुग्ण दगावतात. माणसापासून माणसास हा रोग जडल्याचे आढळलेले नाही.

मग माकडाचा संबंध काय? वानर आणि लाल तोंडाचे माकड दोन्ही या विषाणूने मरतात. मात्र ती सर्वस्वी निर्दोष, असेही म्हणता येत नाही. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू उदंड वाढतो व त्याच्या अंगावरील गोचिडींत उतरतो. माकड मरून अंग थंड झाले की या गोचिडी ते सोडून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. काजूच्या बागेत किंवा पतेरा गोळा करावयास माणूस जातो तो नेमका याच दिवसांत, डिसेंबर ते मे. मेलेले माकड दिसताच आरोग्य खात्यास कळविणे, त्यास हात न लावणे आणि तेथे फिरकणे टाळणे एवढे मात्र त्याच्या हाती असते. जिवंत माकडास हाकलून वा मारून काहीही साधत नाही.

ही भीती केवळ वैयाकरणाची नव्हे. २०२२ साली ‘मंकीपॉक्स’च्या धास्तीने ब्राझीलमध्ये माकडांवर हल्ले झाले, त्यांना विष घालण्यात आले, वास्तविक तेथील साथ माणसापासून माणसाला होत होती. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ‘एमपॉक्स’ हे नाव पुढे केले. नव्या रोगांस प्राण्यांची वा स्थळांची नावे देऊ नयेत, असा सल्ला तिने २०१५ सालीच दिला होता. त्या कसोटीवर ‘क्यासनूर’ हे शास्त्रीय नावही नापासच ठरते!

‘गोचीडताप’ हा पर्याय सहज सुचतो. पण पशुपालक तो शब्द गुरांच्या निराळ्याच रोगास लावतात. ‘जंगलताप’ म्हणावे, तर तो फारच सैल. तूर्त रूढ शब्द ठेवून त्याचा विग्रह तेवढा सांगत राहावे, असे मला वाटते: माकडालाही होणारा ताप. व्याकरणदृष्ट्या हा विग्रह ओढूनताणून केलेला आहे, हे मान्य.