आकेआकामाईचं व्याकरण

‘माणूस – फळी – आण.’ टाकीच्या काठावर उभा असलेला प्रशिक्षक हातांनी एवढ्या तीनच खुणा करतो आणि डॉल्फिन पाण्यावरची सर्फिंगची फळी ढकलत माणसापाशी नेते. आता पहिल्या दोन खुणांची अदलाबदल करा : ‘फळी – माणूस – आण.’ डॉल्फिन माणसालाच ढकलत फळीपाशी पोचवते!

शब्द तेच, क्रम बदलला, अर्थ बदलला. हे त्या जिवाला कळत होतं.

होनोलुलूतल्या केवालो बेसिन बंदराशेजारी, हवाई विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुई हर्मन यांनी १९७०मध्ये डॉल्फिनच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली; हा प्रयोग तिथलाच. तिथल्या या विद्यार्थिनीचं नाव आकेआकामाई, हवाईयन भाषेत ‘ज्ञानाची आस असलेली’. तिची सोबतीण फीनिक्स. फीनिक्सला संगणकाने तयार केलेले आवाज पाण्याखालून ऐकवत. तिच्या वाक्यात क्रियापद मधे यायचं, इंग्रजीसारखं. आकेआकामाईच्या वाक्यात मात्र ते शेवटी, अगदी आपल्या मराठीसारखं! म्हणजे शेवटची खूण होईपर्यंत तिला आधीच्या खुणा लक्षात ठेवाव्या लागत. नजरेतून नकळत इशारा मिळू नये म्हणून प्रशिक्षक काळा चष्मा लावायचे. पूर्वी कधीच न दिलेल्या आज्ञाही ती पाळायची. एखादी वस्तू टाकीत आहे का, असं विचारलं, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ची पट्टी दाबून उत्तर द्यायची.

मला सर्वांत थक्क करतो तो टीव्हीचा प्रयोग. टाकीच्या खिडकीपलीकडच्या पडद्यावर प्रशिक्षकाचं छोटंसं चित्र दिसलं, आणि कोणी न शिकवताही तिने त्या चित्राच्या खुणा ओळखल्या. पुढे पडद्यावर हातांच्या जागी नुसते हलणारे पांढरे ठिपके उरले, तरी तिला बरंच काही समजत होतं.

पण हे सारं सिमेंटच्या गोल टाक्यांमध्ये चाललं होतं. १९७७मध्ये प्रयोगशाळेत काम केलेल्या दोघांनी इथल्या पुका आणि केआ या डॉल्फिन रातोरात समुद्रात सोडल्या होत्या; सोडणाऱ्यांवर चोरीचा खटला भरला गेला. आकेआकामाईला समुद्र पुन्हा मिळाला नाही. २००३मध्ये ती गेली.

भारतात २०१३मध्ये डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी नाकारण्यात आली, तेव्हा या प्राण्यांची बुद्धिमत्ता हे एक कारण दिलं गेलं. तो निर्णय योग्यच होता.