जुन्या मोटारीचे आधार

जुन्या मोटारीला नवा रंग दिला कीं ती नवी झाली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मोटारीचें खरें बळ रंगाखालीं, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागीं असतें. तेथें लहान लहान पोलादी आधार वेल्डिंगनें जोडलेले असतात. कारागीर त्यांस ब्रॅकेट म्हणतात. गंजलेला ब्रॅकेट काढून त्याच्या जागीं नवा कसा बसवितात, हें या लेखांत सांगावयाचें आहे. काम कारखान्यांतलें खरें. पण त्यांत भूमितीचा वांटा किती मोठा आहे हें पाहून तुम्हांस नवल वाटेल.

उदाहरणादाखल ट्रायंफ टी. आर. ६ ही इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स मोटार घेऊं. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं तयार होणारी ही दोन माणसांची उघडी गाडी १९६९ सालीं बाजारांत आली व १९७६ सालीं तिचें उत्पादन थांबलें. म्हणजे त्या जातीची सर्वांत अलीकडची गाडीही आज पन्नाशीच्या घरांत आहे. हिची बांधणी जुन्या पद्धतीची आहे. खालीं पोलादी चासी, आणि तीवर वेगळी बॉडी ठेवून बोल्टांनीं आवळलेली. चासीच्या लांब तुळयांपासून दोहों बाजूंस फांद्यांप्रमाणें हात निघतात व त्यांवर बॉडीचा भार येतो. हे हात आणि ब्रॅकेट वेल्डिंगनें एकजीव केलेले असतात. बोल्ट सैल करून काढतां येतो. वेल्डिंग मात्र तोडावें लागतें, आणि तोडल्यावर ब्रॅकेटाची मूळ जागा शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं.

हे आधार इतर भागांच्या आधीं कां गंजतात? चाकांनीं उडविलेला चिखल त्यांच्या कोनांत बसतो व दिवसेंदिवस ओला राहतो. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. त्या खारट पाण्यानें गंज झपाट्यानें वाढतो. पोकळ तुळईंत शिरलेलें पाणी लवकर सुकत नाहीं, म्हणून पोलाद आंतून बाहेर कुजत येतें. वरून रंग शाबूत दिसतो. परंतु हातोडीनें ठोकून पाहिलें म्हणजे खणखणीत आवाजाऐवजीं बद्द आवाज येतो.

तोडण्यापूर्वीं मोजावें, हा या कामाचा पहिला नियम. आरंभीं बॅटरी सोडवून पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, कारण वेल्डिंगची ठिणगी कोठें उडेल याचा नेम नसतो. मग चासी भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवून पाणसळीनें समपातळींत आणावी, आणि ठराविक बिंदूंमधील अंतरें कागदावर लिहून घ्यावींत. केवळ बाजू मोजून भागत नाहीं. समजा, एक चौकट १२०० मिलिमीटर लांब व ९०० मिलिमीटर रुंद आहे. ती काटकोनांत असेल तर तिचे दोन्ही कर्ण १५०० मिलिमीटर भरतील. आतां तिची एक लांब बाजू ६ मिलिमीटर पुढें सरकली, असें धरा. लांबी तीच राहते आणि रुंदींतील फरक केसाएवढाही नसतो. पण एक कर्ण सुमारें १५०५ व दुसरा सुमारें १४९५ मिलिमीटर भरतो. बाजूंनीं लपविलेली चूक कर्ण उघड करतात. पायथागोरसचा सिद्धांत परीक्षेपुरताच आहे, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

या गाडीला पक्कें छप्पर नाहीं. म्हणून दारांखालचे उंबरे कमकुवत झाले कीं बॉडी मध्यें वांकते. सुतार नवी चौकट हलविण्यापूर्वीं तिला तिरपी पट्टी ठोकतो, हें तुम्हीं पाहिलें असेल. त्याचप्रमाणें येथें दाराच्या पोकळींत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, पोलादी नळी तात्पुरती जोडतात. ही खबरदारी न घेतां बॉडी उचलली तर पुढें दारें नीट लागत नाहींत.

दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच आधार काढावा. शेजारचे आधार जागेवर असेपर्यंत नव्याची जागा त्यांवरून ताडतां येते. ब्रॅकेट ठिपक्यांनीं जोडलेला असेल तर प्रत्येक ठिपक्यावर खूण करून ड्रिलनें वरचाच पत्रा कापावा; खालच्या पत्र्यास भोंक पडूं देऊं नये. सलग वेल्डिंग असल्यास तें ग्राइंडरनें झिजवावें. खालची तुळईच कुजलेली आढळली, तर निर्मळ पोलाद लागेपर्यंत ती कापून आधीं तिची दुरुस्ती करावी. येथें गंजावरच नवा पत्रा चढविण्याचा मोह पडतो. दिसण्यांत काम पुरें होतें व पैसाही वांचतो. परंतु गंजक्या पत्र्यावर वेल्डिंग घट्ट धरत नाहीं, आणि असा आधार भर वेगांत सुटला तर आंतील माणसांच्या जिवाशीं गांठ पडते.

नवा ब्रॅकेट प्रथम बॉडीच्या छिद्रांत बोल्ट घालून सैल धरावा, जागा मापांशीं ताडावी, आणि दोनतीन ठिकाणीं वेल्डिंगचा नुसता टांका मारावा. मग पुन्हां कर्ण मोजावे. दार उघडून व लावून पाहावें. चूक दिसली तर टांका तोडणें अजून सोपें असतें. एक मीटर लांबीचें पोलाद १०० अंश सेंटिग्रेडनें तापलें तर सुमारें १.२ मिलिमीटर वाढतें; वेल्डिंगच्या जागीं तर पोलाद वितळतें, म्हणजे उष्णमान पंधराशे अंशांच्या आसपास जातें. निवतांना धातु आकसते आणि ब्रॅकेटास ओढते. म्हणून थोडें या टोंकास, थोडें त्या टोंकास, मध्यें निवूं देऊन वेल्डिंग पुरें करावें. शेवटीं जस्तयुक्त रंग लावावा व पोकळींत मेण सोडावें. पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मात्र बुजवूं नयेत.

गाडी तयार झाली म्हणजे पाहणारे रंगाची तारीफ करतात. ब्रॅकेट पाहावयास गाडीखालीं कोणी वांकत नाहीं. तरीही सुजाण कारागीर मापांचा तो कागद जपून ठेवतो, कारण पुढच्या दुरुस्तीच्या वेळीं तोच उपयोगीं पडतो. तुम्हीही सुटींत घरच्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण सुतळीनें मोजून पाहा, आणि तिच्या सुतारानें काम कसें केलें आहे हें वडिलांस सांगा.