पोथीचं पान आकड्यांत उतरतं तेव्हा

चंदीगडची पंजाब डिजिटल लायब्ररी 2003 पासून एक अचाट काम करते आहे. तिची माणसं कॅमेरे आणि दिवे घेऊन गुरुद्वारांत, ग्रंथालयांत, लोकांच्या घरी जातात आणि हस्तलिखितं तिथेच टिपून घेतात. पोथी मालकाकडेच राहते आणि 2009 पासून तिची पानं संकेतस्थळावर जगाला दिसतात. वेळ थोडा आहे. 1984 च्या लष्करी कारवाईत अमृतसरची शीख रेफरन्स लायब्ररी उद्ध्वस्त झाली. शिवाय जीर्ण झालेल्या पवित्र पोथ्यांना आदराने अग्नी देण्याची प्रथा आहे. त्याआधी टिपलं नाही तर तो मजकूर कायमचा गेला.

पण हे काम म्हणजे नुसते फोटो काढणं नव्हे. त्यासाठी माणूस तयार करावा लागतो, आणि त्याला शिकायच्या गोष्टी थक्क करणाऱ्या आहेत.

पहिला धडा हाताचा. पोथीची बांधणी सैल असेल तर ती सपाट उघडायची नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आधारावर अर्धवट उघडी ठेवायची. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. एफोर आकाराचं एक पान इंचाला 400 ठिपके या हिशेबाने टिपलं की सुमारे दीड कोटी ठिपके होतात. प्रत्येकाच्या रंगाला तीन बाइट, म्हणजे एका पानाची मूळ फाइल साधारण 46 एमबी!

दुसरा धडा वाचनाचा. जुन्या गुरुमुखी पोथ्यांत शब्द एकमेकांना जोडून, सलग लिहिलेले असतात. कुठला शब्द कुठे संपला हे यंत्राला सहज कळत नाही. आपली मोडीही अशीच सलग धावते. म्हणून ग्रंथाचं नाव, लेखनिक, काळ, लिपी, मूळ ठिकाण या नोंदी जाणकारालाच कराव्या लागतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्लिन कोअर पद्धतीत अशा 15 मूळ नोंदी आहेत. त्या नसतील तर लाखो चित्रांच्या ढिगात पोथी असूनही सापडणार नाही.

तिसरा धडा राखणीचा, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. संगणक फाइलमधला प्रत्येक बिट वाचून 64 चिन्हांचा एक ठसा काढतो. कोट्यवधी बिटांपैकी एकच बदलला तरी अख्खा ठसा पालटतो! काही वर्षांनंतर ठसे पुन्हा ताडून पाहिले की फाइल शाबूत आहे का ते कळतं; बिघडली असेल तर दुसऱ्या गावी ठेवलेल्या प्रतीवरून ती दुरुस्त होते. शाईला हे भाग्य कधीच लाभलं नव्हतं.

हे पंजाबचं काम आपल्याला परकं नाही. गुरू ग्रंथसाहिबमध्ये आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांच्या डिजिटल नोंदींसाठी ‘जतन’ ही प्रणाली घडवली. पेशवे दफ्तरात तर कोट्यवधी मोडी कागद आहेत. कॅमेरे विकत मिळतात. मोडी वाचणारी, नेमकी नोंद करणारी आणि वर्षानुवर्षं ठसे ताडत राहणारी माणसं मात्र शिकवूनच घडवावी लागतात. डिजिटल संग्रहाचा पहिला खर्च या शिक्षणावरच व्हायला हवा.