सामना, सुटी आणि परतीची गाडी

खेळाडू तयार करावा लागतो हे सर्वांनाच मान्य आहे. त्यासाठी आखाडे निघतात, शिबिरे भरतात, बक्षिसे लागतात. प्रेक्षकही तयार व्हावा लागतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणी ध्यानात घेत नाही. मैदान बांधले, दिवे लावले, तिकिटे छापली की माणसे आपोआप येतील, अशी एक समजूत आहे. पुष्कळदा ती येतातही. पण येणारा माणूस कोण, त्याला त्या दिवशी सुटी कशी मिळाली, आणि सामना संपल्यावर तो घरी कसा जातो, हे प्रश्न विचारले म्हणजे खेळाचे एक निराळेच रूप दिसू लागते. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. त्यामुळे कोणत्याही क्रीडांगणाकडे मी प्रथम त्याच्या दाराकडून पाहतो. खेळपट्टीची पाळी नंतर येते.

आपल्या चौल-रेवदंडा भागात कबड्डीचा सामना पाहणे ही अगदी सोपी बाब आहे. रात्रीची जेवणे उरकली की माणसे चालत मैदानावर जातात आणि शेवटची चढाई संपली की तितक्याच सहजपणे घरी येऊन झोपतात. तोच माणूस वानखेडेवर क्रिकेट पाहू म्हणेल तर काय होते? जाताना मौज असते. एसटीने अलिबाग, पुढे मांडवा, तेथून लाँचने गेटवे. वाऱ्यावर बसून मुंबई जवळ येताना पाहावी. पण हल्लीचा वीस षटकांचा सामना रात्री अकराच्या पुढेमागे संपतो. तोवर गेटवेची लाँच केव्हाच बंद झालेली असते. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तिच्यात ५०० माणसे आणि त्यांच्या मोटारीही मावतात. पण मध्यरात्री तीही नसते. अलिबागला प्रवासी आगगाडी नाही. थळच्या खत कारखान्यासाठी पेणहून लोहमार्ग आला खरा, त्यावरून खत जाते, माणूस जात नाही. तेव्हा पनवेलची शेवटची लोकल गाठायची आणि पहिल्या एसटीची वाट पाहत स्थानकावर बसायचे, एवढेच हाती राहते. सकाळच्या पाळीला ज्याची हजेरी आहे, त्याला खाडा पडला म्हणून समजा. त्या तिकिटाची खरी किंमत म्हणजे छापलेले मोल अधिक एक दिवसाची मजुरी.

हा प्रश्न मुळापासून समजून घ्यायचा तर थोडे लांब, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी जावे लागेल. तिथल्या लोकांनी एक स्वतंत्र फुटबॉल काढला आहे. क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा गडी तो खेळतात. चेंडू पायाने मारायचा, हातानेही ठोसून द्यायचा. १८५९ च्या मे महिन्यात त्याचे पहिले नियम कागदावर उतरले. खेळ निघाला तो क्रिकेटच्या मंडळींना हिवाळ्यात अंग मोकळे ठेवता यावे म्हणून. पण तो पाहायला हजारो लोक का जमू लागले, याचे उत्तर खेळाच्या नियमांत सापडत नाही. ते तीन वर्षे मागे सापडते. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली, शहरातून मोर्चा काढला आणि त्याच पगारात आठ तासांचा दिवस मिळवला. पुढील काही दशकांत एकेका धंद्यात शनिवारची अर्धी सुटीही आली. शनिवारची दुपार मोकळी झाली आणि ती भरायला फुटबॉल होता. रिचमंड, कॉलिंगवुड, कार्ल्टन, फुट्सक्रे ही तिथल्या संघांची नावे वस्त्यांची नावे आहेत. आपल्याकडे लालबाग-परळच्या मंडळांचे कबड्डी संघ असत, तसाच हा प्रकार. मैदान वस्तीत, वस्ती मैदानाभोवती. दूरच्यासाठी आगगाडी आणि ट्रॅम.

आपल्याकडेही हा इतिहास आहे, फक्त त्याचा खेळाशी संबंध कोणी जोडून दाखवत नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जी मागणी केली तिच्यात पहिले कलम आठवड्याच्या सुटीचे होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन बायका उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारी आज आपण पाय पसरून सामना पाहतो, तो रविवार असा आलेला आहे. आणि तो कायमचा आपल्या खात्यावर जमा झाला, असेही समजू नये. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास ४८ च राहतील, असे त्यावर सांगण्यात येते. आमच्या कामात ‘सांगण्यात येते’ या शब्दांची किंमत आम्ही जाणतो.

सुटी मिळाली, आता जागा. मुंबईत क्रिकेटच्या जागेवरून दोनदा मोठी भांडणे झाली. १९३३ च्या डिसेंबरात भारतातला पहिला कसोटी सामना झाला तो जिमखान्याच्या मैदानावर. चार वर्षांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले, आणि त्याच वर्षी तेथील जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने पंचरंगी सामन्यांतून अंग काढून घेतले. पुढे १९७० नंतर तिकिटांच्या वाट्यावरून मुंबईची क्रिकेट संघटना आणि तो क्लब यांचे बिनसले. शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम वर्ष-सव्वा वर्षात उभे करून दाखवले आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. दोन्ही भांडणे खुर्च्यांची. पण खुर्च्यांसाठी भांडणारे जे होते, त्यांना खुर्ची मिळण्याची पंचाईत कधीच नव्हती. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची फेरबांधणी झाली तेव्हा जागा पंचेचाळीस हजारांवरून तेहतीस हजारांवर आल्या, आणि अंतिम सामन्याची जेमतेम ४,००० तिकिटे सामान्य जनतेस विक्रीला होती. बाकीची संलग्न क्लब, सभासद आणि पाहुणे यांच्यात वाटली गेली. मेलबर्नचे मोठे मैदान सरकारी जमिनीवर, विश्वस्तांच्या हाती आहे. सभासदांच्या राखीव जागांवरून तेथेही कुरकूर चालते. पण एक लाख जागा असल्यावर कुरकूर करणाऱ्यालाही बहुधा आत बसून ती करता येते. १९७० च्या अंतिम सामन्याला त्या मैदानात १,२१,६९६ माणसे होती.

एवढी माणसे आत घेणे अवघड नसते, कारण ती दोन-तीन तासांत हळूहळू येतात. बाहेर मात्र सर्वांना एकदम पडायचे असते. याचा हिशेब इंग्रजांनी बांधून ठेवला आहे. समतल वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसे जातात, पायऱ्यांवरून ६६. आणि उघडे प्रेक्षागार आठ मिनिटांत रिकामे झाले पाहिजे. चाळीस हजार माणसांसाठी मिनिटाला पाच हजार, म्हणजे सगळी दारे मिळून साधारण ६१ मीटर मोकळी वाट हवी. मोकळी, म्हणजे फाटकाला कुलूप नाही आणि वाटेत सरबताची गाडी नाही. गर्दीत माणसे मरतात ती घाबरून धावल्यामुळे, असा आपला समज असतो. वास्तविक चौरस मीटरला पाच-सहा माणसे झाली की पाय आपले राहत नाहीत. मागचा ढकलतो आणि पुढच्याला वाट नसते. छातीवर दाब येऊन श्वास कोंडतो. उभ्या उभ्या माणूस जातो. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या स्टेडियमच्या दाराशी अकरा जण असेच गेले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेवीस जण गेले. भोवतालच्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या, माणसे वाढली, जिना तेवढाच राहिला होता. तेथे सामना नव्हता; पण जिन्याला ते काय ठाऊक?

दारातून बाहेर पडल्यावर हिशेब संपत नाही, पुढच्या वाहनाचा सुरू होतो. बारा डब्यांच्या लोकलमध्ये दाटीने तीन-साडेतीन हजार माणसे मावतात. चाळीस हजारांना बारा गाड्या लागल्या. दहा मिनिटांना एक सुटली तर शेवटच्या माणसाला दोन तास. हीच माणसे एसटीने न्यायची तर पंचेचाळीस आसनांच्या जवळजवळ नऊशे गाड्या. मोटारींनी न्यायची तर गणित न केलेले बरे. मेलबर्नकरांनी ते एकदा करून पाहिले. १९७० साली शहराबाहेर वेव्हर्ली येथे त्यांनी एक प्रचंड मैदान उघडले. दीड लाखांच्या पुढे जागा करायची योजना होती, आगगाडीही येणार होती. ती आगगाडी कधीच आली नाही. सामना संपला की हजारो मोटारी एकमेकींच्या मागे उभ्या. १९९९ मध्ये मोठे सामने तेथून उठले आणि दोन स्थानकांच्या मध्ये असलेले जुने मैदान भरतच राहिले. आपल्याकडे नागपूरचे क्रिकेट २००८ साली सिव्हिल लाइन्समधून वर्धा रस्त्यावर जामठ्याला गेले. पुण्याचे नवे स्टेडियम द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे झाले. दोन्ही ठिकाणी जागेची निवड मोटारवाल्याच्या डोळ्यांनी झाली, असे माझे मत आहे. शिवाय पोचल्यावर तरी काय? २०२४ च्या ऑक्टोबरात गहुंज्याला न्यूझीलंडविरुद्ध कसोटी चालू असता उन्हात बसलेल्या लोकांना प्यायला पाणी नव्हते, आणि संघटनेला माफी मागावी लागली.

त्या मानाने नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम सुदैवी आहे. नेरूळ स्थानक तेथून चालत जाण्याजोगे आहे, आणि २०२४ च्या जानेवारीपासून त्याच बाजूची लोकल उरणपर्यंत धावते. २ नोव्हेंबर २०२५ ला रविवारी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथेच झाला. हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. चाळीस हजारांच्या जवळपास प्रेक्षक होते, आणि त्यांत बायका-मुलींची संख्या मैदानावर एरवी दिसते त्याहून कितीतरी अधिक होती. साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून ठेवली होती, त्याचाही हा परिणाम असावा. आता त्या दिवसाचे घड्याळ पाहा. तीनला सुरू व्हायचा सामना पावसामुळे पाचला सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. त्यानंतर लोकल तुरळक होतात आणि थोड्या वेळाने काही तास बंदच राहतात. आपल्या भागातली एखादी मुलगी तेथे गेली असेल, तर चषक उचललेला पाहायचा की पनवेलची गाडी धरायची, हे तिला शेवटच्या षटकांत ठरवावे लागले असणार. मुलींना मैदानावर येऊ द्या म्हणून भाषणे पुष्कळ होतात. घरातली माणसे विचारतात तो प्रश्न एकच असतो: परत कशी येणार? पंचवीस रुपयांचे तिकीट केले तरी तो सुटत नाही. अटल सेतू झाला आहे, एकवीस किलोमीटरहून लांब. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि मोटारीला एका वेळचा पथकर २५० रुपये.

हे न सुटणारे कोडे नाही. जर्मनीत फुटबॉलच्या तिकिटावरच त्या दिवसाचा शहरातला रेल्वे-बसप्रवास धरलेला असतो. चेन्नईतही क्रिकेटच्या तिकिटावर मेट्रोने फुकट जाण्यायेण्याची सोय संघाने केली. तिकिटाच्या उत्पन्नातून थोडा वाटा रेल्वेला द्यायचा आणि गाडीची वेळ सामन्याच्या शेवटाशी बांधायची, एवढाच तो करार. आणि परदेशी तरी कशाला जावे? आषाढीला आपली एसटी पंढरपूरसाठी पाच हजार जादा गाड्या सोडते. आपल्या चौलच्या दत्ताच्या यात्रेलाही जादा गाड्यांचा विचार कोणाला शिकवावा लागत नाही. गर्दी केव्हा वाढेल, केव्हा ओसरेल, कोणत्या फाट्यावर गाडी उभी करावी, हे आगारातल्या नियंत्रकाला तोंडपाठ असते. फक्त विठोबाच्या गर्दीला जो मान मिळतो, तो खेळाच्या गर्दीला अजून मिळालेला नाही.

तोवर आपल्यापुरते एक करता येते. एसटीत प्रासंगिक करार म्हणून सोय आहे. चाळीस-पंचेचाळीस माणसांनी नावे द्यावीत, वर्गणी जमवावी, आणि अलिबाग आगारातून गाडी ठरवावी. चौलहून दुपारी निघावे, पेणला चहा घ्यावा, नेरूळला गाडी उभी करण्याची जागा आधी पाहून ठेवावी. परत यायला शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. एक गोष्ट मात्र कराराच्या कागदावर नसते. सामना चालू असताना चालकाला पाठ टेकायला जागा मिळाली पाहिजे, कारण रात्री दोन वाजता वडखळचे वळण तोच घेणार आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीला त्याचे नाव लावलेले नाही ना, हे आदल्या दिवशीच आगारात जाऊन विचारून यावे.