विद्युत्घटांतील पडदा

विद्यालयाच्या प्रयोगशाळेंत डॅनिएलचा विद्युत्घट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्यांतील सच्छिद्र मातीचें भांडें आठवत असेलच. बाहेर मोरचुदाचें पाणी व तांबें, आंत सौम्य गंधकाम्ल व जस्त, आणि दोहोंच्या मध्यें हें लहानसें भांडें. पाहणाऱ्याचें सारें लक्ष धातूंकडे जातें. भांड्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. परंतु तें काढून घेतलें तर दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात, तांबें थेट जस्तावरच बसूं लागतें आणि घट निरुपयोगी होतो. हें भांडें घरच्या माठाप्रमाणें पाझरतें, म्हणून विद्युत्भार वाहून नेणारे कण, ज्यांस आयन म्हणतात, ते त्यांतून ये-जा करूं शकतात. मात्र माठ पाझरतांना निवड करीत नाहीं. घट तसाच भरून ठेवला तर मोरचुदाचें पाणीही हळूहळू आंत झिरपतें. स्वतः डॅनिएलनें १८३६ सालीं आरंभीं बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा वापरला होता. मातीचें भांडें मागाहून आलें. योग्य पडद्याचा शोध हा असा विद्युत्घटाइतकाच जुना आहे.

ज्या घटाविषयीं येथें मुख्यतः सांगावयाचें आहे, तो इंधनघट होय. पाण्यांतून वीज सोडली असतां हायड्रोजन व प्राणवायु वेगळे होतात, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. १८३९ मध्यें ग्रोव्ह ह्या गृहस्थांनीं उलट प्रश्न केला, आणि ते दोन वायु पुन्हा एकत्र आणून वीज मिळवून दाखविली. आजच्या घटांत एका बाजूस हायड्रोजन येतो. तेथें प्लॅटिनमच्या सान्निध्यांत त्याच्या अणूचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन असे दोन भाग होतात. इलेक्ट्रॉन तारेंतून जाऊन आपला दिवा पेटवितो, प्रोटॉन पडद्यांतून पलीकडे जातो, आणि तेथें प्राणवायूशीं मिळून दोघांचें पाणी होतें. ह्यावरून पडद्याचें काम किती नाजूक आहे, हें दिसेल. त्यानें प्रोटॉनास वाट द्यावी, इलेक्ट्रॉनास देऊं नये, आणि दोन्ही वायूंची भेट होऊं देऊं नये. वायु मिसळले तर वीज तर जाईलच, शिवाय आग लागण्याचेंही भय.

घन पदार्थांतून प्रोटॉन जावा कसा? ह्यावर उपाय असा कीं, पॉलिमरच्या लांबलचक साखळीस ठिकठिकाणीं सल्फॉनिक अम्लाचे गट जोडावयाचे. हे गट साखळीस कायमचे बांधलेले असतात. त्यांचा प्रोटॉन मात्र पाणी मिळतांच सुटा होतो. मग विहिरीपासून घरापर्यंत माणसें रांगेनें उभीं राहून जशा हातोहात घागरी पोंचवितात, तसा पाण्याचा एक रेणु दुसऱ्याच्या स्वाधीन प्रोटॉन करीत जातो. पाणी नाहीं तर रांग नाहीं.

येथेंच खरी अडचण आहे. अम्लाचे गट वाढवावे तों पडदा अधिक पाणी शोषितो, वीज उत्तम वाहते. पण पडदा भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, मऊ पडतो आणि फाटतो. गट कमी करावे तर पडदा बळकट, पण प्रोटॉनास वाट नाहीं. पाण्याची ओढ आणि पाण्याचा तिटकारा हे दोन्ही गुण एकाच पदार्थांत हवेत!

१९५५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत थॉमस ग्रब ह्यांनीं, कठीण पाणी मृदु करण्यासाठीं जें सल्फॉनिक पॉलिस्टायरीन वापरीत, त्याच जातीच्या पदार्थाचा पडदा घेऊन इंधनघट रचिला. ऑगस्ट १९६५ मध्यें जेमिनी ५ हें यान कूपर व कॉनराड ह्या दोघांस घेऊन आठ दिवस पृथ्वीभोंवतीं फिरलें, तेव्हां त्याची वीज अशाच घटांतून येत होती. घटांत तयार होणारें पाणी प्यावयासही मिळेल अशी आशा होती. परंतु पडदाच झिजून त्याचे अंश पाण्यांत उतरत, व तें पिण्याजोगें राहत नसे. घटांत प्राणवायूपासून कांहीं अतिशय उग्र कण उत्पन्न होतात आणि ते पॉलिस्टायरीनच्या साखळींतील कार्बन व हायड्रोजन यांचा दुबळा बंध तोडतात, हें त्याचें कारण. पुढील अपोलो यानांत ह्या पडद्याचे घट घेतले नाहींत; तेथें अल्कलीचे घट आले.

डु पॉन्ट कंपनीचे रसायनज्ञ वाल्थर ग्रोट ह्यांनीं त्याच दशकांत जो पदार्थ सिद्ध केला, त्याचें नांव नॅफिऑन. न चिकटणाऱ्या तव्यांवर जें टेफ्लॉन असतें, तशीच ह्याची मुख्य साखळी आहे. तींत हायड्रोजनच्या जागीं फ्लुओरिन असतें, आणि कार्बनशीं त्याचा बंध इतका दृढ असतो कीं ते उग्र कण तो सहसा तोडूं शकत नाहींत. साखळीस फुटलेल्या फांद्यांच्या टोंकाशीं सल्फॉनिक अम्ल असतें. साखळी पाण्यापासून दूर पळते, टोंकें पाण्याकडे धांवतात. परिणामीं पडद्यांत आपोआप सूक्ष्म जलमार्ग तयार होतात आणि भोंवतालची साखळी भिंतीप्रमाणें आकार धरून ठेवते. एका पदार्थांत दोन स्वभाव मिळविण्याची ही युक्ति मला ह्या साऱ्या विषयांत सर्वांत सुंदर वाटते. प्रचारांतील एका प्रकारांत ११०० ग्रॅम कोरड्या पॉलिमरामागें एक ग्रॅम-रेणु अम्ल असतें. जाडी प्रथम मिलिमीटराच्या पंचमांशाच्या आसपास असे. आतां चाळिसाव्या भागाइतके पातळ पडदेही मिळतात. मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा व क्लोरीन काढण्याच्या कारखान्यांतही ह्या जातीच्या पडद्यांनीं पारा व ॲस्बेस्टॉस यांस पुष्कळ अंशीं हटविलें आहे. पुण्यांत २०२२ सालीं, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानें, इंधनघटावर चालणारी बस लोकांपुढें आली. तिच्यांतही प्रोटॉन पडद्यांतूनच जातो.

तरी काम संपलेलें नाहीं. घट शंभर अंशांच्या जवळ तापला कीं पडदा सुकूं लागतो, आणि घागरींची ती रांग मोडते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या बंधामुळें नॅफिऑन टिकाऊ झालें, त्याच बंधामुळें फ्लुओरिनयुक्त द्रव्यें निसर्गांत कुजत नाहींत व साचत राहतात. २०२३ मध्यें युरोपांतील पांच राष्ट्रांनीं अशा सर्व द्रव्यांवर निर्बंध घालण्याची सूचना मांडली. म्हणून रसायनज्ञ पुन्हा फ्लुओरिनविरहित साखळ्यांकडे वळले आहेत. ह्यांतही पॉलिस्टायरीनप्रमाणेंच कार्बनचीं वलयें असतात. मात्र वलयें एकमेकांस अशीं जोडतात कीं जेमिनीच्या पडद्यांत जो दुबळा बंध प्रथम तुटला, तो मुळांत ठेवावाच लागूं नये. हे पडदे ओले असतांना चांगले चालतात, सुकले कीं ठिसूळ होतात.