मोडीत निघालेली घुगरी

२०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या पुढे गेला, तेव्हा चर्चा झाली ती चांदी घेणाऱ्यांची. घरातली जुनी चांदी विकणाऱ्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बुलडाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर या दोन्ही बाजू शेजारी नांदतात. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागात बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चांदी अंगावर वागवली आहे. त्याच जिल्ह्यातले खामगाव चांदीच्या शुद्धतेसाठी ‘रजतनगरी’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. देवांच्या मूर्ती, मखरे, पूजेची ताटे तिथून लांबलांब जातात. जुन्या दागिन्याचा प्रवास मात्र पेठेच्या दिशेने एकेरीच असतो. मोड काट्यावर चढते, टंच बघितला जातो, घट धरली जाते, वजनाचे पैसे हातात पडतात आणि दागिना आटतो. या व्यवहारात भाव होतो तो धातूचा. आटते ती मात्र एका भूमिहीन समाजातल्या बाईच्या स्वतःच्या मालमत्तेची खूण. तिची कुठेही नोंद न करता ती आटू देणे ही आपली सार्वजनिक हयगय आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी तो दागिना नीट पाहू. घुगरी ही बंजारा विवाहितेची ओळख. कानशिलाजवळच्या केसांच्या बारीक वेण्यांत ती गुंफतात आणि ती दोन्ही गालांवर उतरते. वरचा भाग फुगीर आणि पोकळ असतो, खाली लहान घुंगरांचा झुबका लोंबतो. पोकळ काम करण्यात कारागिराची अक्कल दिसते, कारण हाच आकार भरीव घडवला तर केसांना तो भार पेलवणार नाही. घुगरीच्या जोडीला टोपली असते. गळ्यात हांसळी असते, ती मात्र भरीव, मधोमध जाड आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली. पायात वांकड्या आणि कस, हातात दंडापर्यंत चढवलेल्या बलिया, आणि छातीवर रुपयांचा हार. बलोच बायकांच्या कानातले जड चांदीचे डूल पाळी फाटू नये म्हणून डोक्यावरून घेतलेल्या साखळीने तोलून धरतात. इथे घुगरीचे वजन कानावर न टाकता केसांवर टाकले आहे. हजार कोसांवरच्या दोन भटक्या परंपरांनी एकाच अडचणीतून आपापली वाट काढली. अंगावर जास्तीत जास्त चांदी वागवायची, पण अंग सोलवटू द्यायचे नाही.

एवढी चांदी अंगावर का, याचे उत्तर लदेणीत आहे. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरत आणि मोगल फौजांना रसद पुरवत. ज्यांना शेत नाही, वाडा नाही, पुरून ठेवायला स्वतःची जमीन नाही, त्यांची शिल्लक चालतीबोलतीच असणार. पुढे रेल्वे आली. मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाणारी भुसावळ-नागपूर वाट १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धावू लागला आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बसला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि तो पैसा या देशात मुख्यतः चांदीच्या रूपाने उतरला. खामगावच्या सराफ्याची मुळे त्या कापूसपैशात असावीत, असे मानायला जागा आहे. म्हणजे ज्या रेल्वेने पेठेला बरकत दिली, तिनेच तांड्याची मिळकत काढून घेतली. मागे उरली ती बायकांच्या अंगावरची चांदी.

रुपयांचा हार हा या साऱ्यातला सर्वांत शहाणा दागिना. हांसळीत तांबे किती मिसळले आहे हे घालणारीला कळायला मार्ग नव्हता, सोनाराच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागे. राणीछाप रुपयाचे तसे नव्हते. १८३५ पासून रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी, ही हमी सरकारची होती. अक्षर न वाचणारी बाईसुद्धा नाणी मोजून आपली शिल्लक सांगू शकत होती. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या, तेव्हा या शहाणपणाची कसोटी लागली. तोवर कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात लोकांचे दागिने असेच मुंबईच्या टांकसाळीत गेले होते. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ वऱ्हाडावर आला तेव्हा ती वाट उरली नव्हती. रुपयाच्या वजनाएवढी चांदी तेव्हा बाजारात दहा-साडेदहा आण्यांच्या आसपास विकली जात होती. ज्या बाईने धडधाकट नाणी राखून ठेवली, तिचा रुपया रुपयाच राहिला. जिने तेवढ्याच वजनाची वांकडी घडवली, तिचे एक तृतीयांश पैसे लंडनमधल्या एका निर्णयाने बुडाले. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती संपूनच गेली, रुपया निकेलचा झाला. म्हणून जुन्या हारातली नाणी कोणत्या सालची आहेत, यावरून त्या घरात पैसा कधी आला आणि कधी आटला याचा अंदाज बांधता येतो. तांड्यावरच्या बाईचा दुसरा जमाखर्च कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, ही सगळी बायकांना जखडणारी रूढी आहे, तिचे गोडवे कशाला गायचे? आक्षेपात तथ्य आहे. घुगरी नवऱ्याच्या जिवाशी बांधलेली आहे, आणि दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला वांकड्यांचा भार सुखाचा नव्हता. आजच्या मुलींनी ती उतरवली हे योग्यच केले. पण दागिना वापरणे आणि त्याची नोंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी दुसरीबद्दल बोलतो आहे. शिवाय, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली. त्याआधी बाईच्या नावावर होते काय? स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची संपूर्ण मालकीची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभाराणी खटल्यात स्पष्ट केले. व्यवहारात त्या चांदीवर सावकाराची आणि घरातल्या पुरुषांची नजर असे, ती अनेकदा तिला न विचारता गहाण पडे, हेही खरे. तरी ती काढून घेताना निदान तिच्या अंगावरून काढावी लागे. सातबाऱ्यावर तेवढीही खूण नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. दवाखाना, शिक्षण, बोअरवेल यासाठी घरातली चांदी विकणाऱ्या बाईला वारशाच्या गोष्टी सांगणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे, असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करीन. तिला थांबवण्याचा कोणालाही अधिकार नाही. चांदी साठवली होती ती अशाच दिवसांसाठी. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. घुगरीचा आकार बाजारातून गेलेला नाही. लग्नात, नाचात, मिरवणुकीत ती पांढऱ्या धातूची घातली जाते. पूर्वी हस्तिदंताच्या असणाऱ्या बलिया प्लॅस्टिकच्या झाल्या, तसेच हे. वेश टिकला आणि त्यातली मालमत्ता निघून गेली. पाहणाऱ्याला मात्र सारे जसेच्या तसे वाटते आणि काही हरवले आहे याची शंकाही येत नाही. संग्रहालय हे याचे अर्धेच उत्तर आहे. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण संग्रहालयात निवडक वस्तू पोचतात, आणि मोड रोजची असते.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती खामगाव, मेहकर, लोणारच्या सराफांकडेच आहे. जुनी घुगरी, हांसळी किंवा नाण्यांचा हार मोडीत आला, तर आटवण्याआधी दोन्ही बाजूंनी एक फोटो घ्या. वजन आणि टंच तुम्ही लिहिताच, त्यापुढे दागिन्याचे तांड्यातले नाव आणि नाण्यांची साले लिहा. विकणारीची संमती घ्या, तिचे नाव हवेच असे नाही. जो नग धड आहे तो आटवण्याऐवजी विकत घेणारा संग्राहक किंवा संस्था मिळत असेल, तर घडणावळीचे चार पैसे जास्त त्या बाईला द्या. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी या नोंदी गोळा करण्याचे काम अंगावर घ्यावे. आणि ज्यांच्या घरी आजीची घुगरी अजून डब्यात आहे, त्यांनी ती विकायची असेल तर खुशाल विकावी, पण आधी आजीला तिच्याबद्दल विचारून ते लिहून ठेवावे.