थोड्या पैशांत माहितीपत्रक : खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा या सर्व ठिकाणी आपल्या बांधवांची कापडाची, गादी-रजईची, फर्निचरची, वेल्डिंगची व शिलाईची दुकाने आहेत. हातात हुनर आहे, माल चांगला आहे. परंतु १ जुलै १९९८ रोजी वाशीम वेगळा जिल्हा झाल्यापासून इथे कचेऱ्या वाढल्या. शाळेचे गणवेश, कचेरीचे पडदे, वसतिगृहाच्या गाद्या अशी ठोक मागणी निघते, ती ज्याचा कागद साहेबांच्या टेबलावर असतो त्याच्याकडे आधी जाते. तोंडी ओळखीवर चालणारा कारागीर इथे मागे पडतो. म्हणून माहितीपत्रक ही मोठ्या शोरूमचीच गोष्ट आहे, असे समजू नये.

आधी छपाईचा हिशेब समजून घ्यावा. ऑफसेट छपाईत प्लेट बनविण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच येतो. प्रती शंभर काढा की हजार, तो तेवढाच. म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीचा भाव उतरतो. डिजिटल छपाईत प्लेट नसते, पण भाव दर प्रतीवर लागतो. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल परवडते, हजार-दोन हजार हव्या असतील तर ऑफसेट. मधल्या आकड्यासाठी दोन्हीकडे भाव विचारावा.

चार रंगांना एका बाजूस चार प्लेटा लागतात, एका रंगाला एकच. गडद निळ्या किंवा हिरव्या एका शाईत, फिक्या रंगीत कागदावर छापलेले पत्रकही नीटनेटके दिसते. आणखी एक युक्ती आहे. पत्रकाची पुढची व मागची बाजू एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावावी. मोठ्या कागदाची एक बाजू छापली की गठ्ठा पलटवून त्याच प्लेटने दुसरी बाजू छापता येते. मधोमध कापले की दोन पूर्ण पत्रके तयार. प्लेटांचा खर्च निम्मा होतो. प्रेसवाल्याला आधी सांगितले तरच तो तशी मांडणी करील.

आकार साधा ठेवावा. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद दोन घड्या घातल्या की सहा पाने होतात. वेगळ्या आकारात कागद वाया जातो आणि त्याचे पैसे आपणच भरतो. हातोहात वाटायचे पत्रक ७० जीएसएमवर चालेल. कचेरीत द्यायचे असेल तर १३० जीएसएमचा आर्ट पेपर घ्यावा.

कापडवाल्यांसाठी विशेष सूचना. छापलेला रंग कापडाच्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही. गिऱ्हाईक फोटो पाहून येते आणि माल पाहून नाराज होते. त्यापेक्षा पत्रकात कोरी चौकट सोडावी आणि थानातून उरलेला तुकडा कापून तिथे स्टेपल करावा. फोटोचा खर्च वाचतो आणि कापड गिऱ्हाइकाच्या हाताला लागते.

भाषेचा प्रश्नही आहे. आपल्या घरांत उर्दू वाचली जाते, कचेरीत मराठी. मराठी डावीकडून उघडते, उर्दू उजवीकडून. म्हणून एका घडीच्या पत्रकाला दोन मुखपृष्ठे मिळतात, एकीकडे मराठी, दुसरीकडे उर्दू. दोन वेगळी पत्रके छापण्याची गरज नाही. मात्र उर्दू मजकूर जाणकाराकडूनच जुळवून घ्यावा. न जाणणाऱ्याच्या संगणकावर अक्षरे सुटी होतात किंवा उलटी लागतात. एका नुक्त्याच्या फरकाने 'खुदा'चे 'जुदा' होते, हे आपण जाणतोच. मराठीचे जुने फॉन्टही दुसऱ्या संगणकावर गेले की मजकूर बिघडतो. म्हणून अक्षरांचे आकारात रूपांतर करून पीडीएफ घ्यावी. तीच फाईल व्हॉट्सॲपवरही पाठविता येते. छपाईपूर्वी कागदावर प्रूफ मागावे आणि फोन नंबर स्वतः लावून पाहावा.

मजकुरात काय असावे? काय बनवितो, कोणत्या मापात, किती दिवसांत देतो, बिल मिळते का, दुकान नेमके कुठे. भाव आणि तारखा छापू नयेत, त्या बदलल्या की उरलेला गठ्ठा रद्दी होतो. भावासाठी वेगळी चिठ्ठी ठेवावी. पवित्र आयत पत्रकावर छापू नये. पत्रक शेवटी रस्त्यावर पडते, पायाखाली येते.

लग्नसराईत आणि निवडणुकीत प्रेस गर्दीत असतात. काम त्याआधी द्यावे. सोयाबीन-कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती येण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, पत्रक आठवडी बाजारात पोहोचलेले असावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'पक्का रंग' लिहिले तर रंग पक्काच असला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होऊ शकते. मापात कमी देणाऱ्यांना कुरआन शरीफमध्ये सक्त ताकीद आहे, आणि छापील शब्द हेही एक मापच आहे. जेवढे देता येईल तेवढेच लिहावे. बरकत त्यातच आहे.